धरायला कोण?

हात गेलेल्या माणसाला लोक पहिल्यांदा विचारतात, लिहिता कसं? मग विचारतात, जेवता कसं? साडी कशी नेसता, वेणी कोण घालतं, हे बायका विचारतात, तेही स्वयंपाकघरात आल्यावर, आवाज खाली आणून. नखं कोण कापतं, हे मात्र आजवर एकीनंही विचारलेलं नाही. उजवा हात गेला की त्याच्या नखांचा प्रश्न मिटला. उरला डावा, आणि डाव्या हाताची नखं डाव्या हाताला कापता येत नाहीत. त्याला स्वतःच्या कोपराला साबण चोळता येत नाही, स्वतःच्या मनगटावर घड्याळ बांधता येत नाही, स्वतःच्या बोटात रुतलेला काटा काढता येत नाही. सगळ्या अंगाची उठाठेव करणारा तो एकटा, आणि त्याचं करायला कोणी नाही.

माझा हात कडबाकुट्टीत गेला. आमच्या सांगली-साताऱ्याकडे एवढं सांगितलं की कसा गेला हे समोरचा विचारत नाही. त्याच्या पाहण्यात असा एखादा हात, निदान चार बोटं, गेलेली असतात. दोन दातेरी रोलर वैरण आत ओढतात आणि चाकाला लावलेली पाती तिचे तुकडे करतात. शेवटची मूठभर वैरण काठीनं रेटायची असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सगळे ती हातानंच रेटतात. रोलरनं ओढ घेतली की माणूस मूठ उघडत नाही, उलट आवळतो. हे आताच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

‘जोडता आला नाही का हो?’ हा त्यानंतरचा प्रश्न. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर फडक्यात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधायचं, ती पिशवी बर्फात ठेवायची, हात थेट बर्फावर ठेवायचा नाही, आणि पाच-सहा तासांच्या आत अशी शस्त्रक्रिया होते तिथं पोचायचं: हे आता मला पाठ आहे आणि गावात कुणी नवी कुट्टी आणली की मी ते पेढ्यांबरोबर ऐकवून येते. लोकांना आवडत नाही. पण पात्यानं सरळ कापलेल्या हाताला जेवढी आशा असते तेवढी रोलरनं चेंगरलेल्या हाताला नसते. कोपराखाली वीतभराला थोडा कमी, एवढा माझा हात उरला.

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवत होते. रजा संपवून जूनमध्ये वर्गात गेले ते बरं झालं, कारण माझं ग म भ न आणि समोरच्या पोरांचं ग म भ न एकदमच सुरू झालं. पोरांना दया वगैरे फार वेळ टिकवता येत नाही. ‘बाई, तुमच्या भ-चं पोट फुटलं,’ असं ती खुशाल सांगायची. मग मी पुसून पुन्हा काढायची. डाव्या हातानं शिरोरेघ मारताना खडू ओढावा लागत नाही, ढकलावा लागतो, आणि ढकललेला खडू कुरकुरतो. पण दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझं फळ्यावरचं अक्षर वाचण्याजोगं झालं होतं. वहीतलं झालं नव्हतं. हजेरीपटावर मी एक नाव लिहिलं की पट दोन बोटं सरकायचा, पुढचं नाव वर चढायचं. हात तोच, अक्षरं तीच, मग फळ्यावर जमतं ते कागदावर का जमू नये, याचा उलगडा मला एका दुपारी तपासायच्या वह्यांचा ढीग घेऊन बसल्यावर झाला. फळा भिंतीला ठोकलेला असतो. वही धरावी लागते.

आणि वही धरायचं काम जन्मभर डाव्यानं केलं होतं. त्याला कधी कुणी शाबासकी दिली नाही. अक्षर चांगलं आलं ते उजव्याचं. आता उजव्याच्या जागेवर डाव्याला बढती मिळाली, डाव्याची जुनी जागा रिकामी झाली, आणि ती नंतर भरलीच गेली नाही. उजवा गेला म्हणून सगळे हळहळले. खरं तर गेला तो डावा. उजव्याचं बहुतेक काम डावा सहा-आठ महिन्यांत शिकतो, माणसाचं डोकं तेवढं लवचीक असतं. सुई ओवताना सुई कोण धरणार, बरणीचं झाकण फिरवताना बरणी कोण धरणार, बटण लावताना काज कोण ताणून धरणार, या प्रश्नांना मात्र कितीही सराव केला तरी उत्तर येत नाही. कुणीतरी धरावं लागतं, किंवा वस्तूनं स्वतःच जागेवर राहावं लागतं.

हे कळल्यावर मी घरातल्या वस्तूंकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. पुनर्वसनाच्या बाईंनी मला एक लाकडी फळी दाखवली होती. तिच्यात खालून वर दोन-तीन गंजरोधक खिळे ठोकलेले असतात. बटाटा त्या खिळ्यांवर खोचायचा म्हणजे तो हलत नाही, मग एका हातात सुरी घेऊन कापायचा. कल्पना चांगली आहे. मी ती फळी घरी करून घेतली, आणि चार दिवसांनी माळ्यावरची विळी खाली काढली. नवीन ओटा बांधला तेव्हा ती वर गेली होती. सुरीला दोन हात लागतात, एक भाजी धरायला, एक सुरी चालवायला. विळीचा पाट पायाखाली दाबला की पातं आपलं आपण उभं राहतं. भाजी त्याच्याकडे न्यायला एक हात पुरतो. कांदा, बटाटा, दुधी, सगळं चिरता येतं. पुढच्या खवणीवर नारळाची कवडही फिरवता येते. मेथीची जुडी तेवढी विस्कटते, तिला मी आधी दोऱ्यानं बांधते, म्हणजे एक टोक दातात धरून. ज्या कुण्या बाईनं पहिल्यांदा पातं जमिनीवर रोवलं आणि हात मोकळे केले, तिच्या मनात थोटी सून नक्कीच नव्हती. दुसऱ्या हातानं ती बहुधा पोराला आवरत असणार.

भाकरीचं वेगळं. भाकरी थापणारा हात एक असतो, पण दुसरा तिला फिरवतो आणि कड आवरतो. एका हातानं थापायचं, थांबायचं, फिरवायचं, पुन्हा थापायचं, आणि तेवढ्यात परात पळते. परातीखाली ओलं फडकं घातलं तर निम्मी पळते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, समोर येऊन बसायच्या, परातीच्या कडेवर दोन बोटं टेकवायच्या आणि भावकीतल्या बांधाच्या भांडणाची कधीची तरी हकीकत काढायच्या. बोटं दाबलेली आहेत हे नखांच्या पांढऱ्या कडांवरून दिसायचं. हकीकत भाकरीबरोबर संपायची. पीठ मळून पुढचा उंडा झाला की पुढची सुरू. ‘मी धरते गं’ असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि मीही कधी ‘राहू दे’ म्हटलं नाही. पोळ्या मात्र मी सोडल्या. लाटण्याला दोन मुठी लागतात. एका हातानं बाटली फिरवून लाटणाऱ्या बायकांचे व्हिडिओ भाचीनं दाखवले, मी कौतुक केलं आणि पोळ्या लावायला बाई ठेवली. सगळं जमलंच पाहिजे असा काही नेम नाही.

बाकी धरण्याचं काम अंगानं आपापसांत वाटून घेतलं. बरणी गुडघ्यात, छत्री काखेत, फोन हनुवटीखाली, पिशवीचा बंद दातात. दातांच्या डॉक्टरांनी वेफर्सची पुडी दातांनी फोडायला सक्त मनाई केली आहे. थोटा हात हा तर मोठा कामाचा गडी. त्याला बोटं नाहीत पण वजन आहे. वही दाबतो, दार लोटतो, कोपराच्या बेचक्यात नातीला बाटलीनं दूध पाजताना तिचं डोकं पेलतो. तो झाकून ठेवायचा की उघडा, यावर घरात पूर्वी फार चर्चा व्हायची. लांब बाहीचे ब्लाउजही शिवले. पण कपड्याखाली त्याला काही कळत नाही, काय गार, काय ओलं, काय सरकतंय. शेवटी काम करणाऱ्याला बाही वर करावीच लागते.

जेवणाची गोष्ट लिहायची की नाही यावर मी बराच विचार केला. आपल्याकडे दोन हातांची वाटणी कामापुरती नाही. एक हात देवाचा, घासाचा, देण्याघेण्याचा, दुसरा परसाकडचा. एकच उरला की त्यालाच सगळं करावं लागतं आणि हे समोरच्याला पंगतीत बसल्या बसल्या आठवतं. एका लग्नात शेजारच्या बाईंनी आपली पत्रावळ हळूच चार बोटं पलीकडे ओढली होती. मला राग आला नाही, कारण सुरुवातीला मलाच घास तोंडाशी नेताना हात दिसायचा. उपाय धार्मिक नाही, साबणाचा आहे, आणि त्यातही अडचण अशी की साबणाची वडी ज्या हातात धरली त्याच हाताला ती लावता येत नाही. पायमोज्यात वडी घालून मोजा नळाला बांधला, त्यावर हात घासला, की झालं. बेसिनला रबरानं चिकटणारा ब्रश मिळतो, तो नखांसाठी. माझा हात दोन हातवाल्यांपेक्षा जास्त स्वच्छ असतो असं मी छातीठोकपणे सांगेन, पण पंगतीत हे सांगायचं कसं? आमच्या देवळात पुजारीकाका पळी घेऊन क्षणभर थबकले होते. तीर्थ डाव्या तळव्यावर सोडावं की नाही? मग त्यांनीच तोड काढली, ‘आ करा बाई,’ म्हणाले. सरकारनं अशी अडचण ठेवलेली नाही. मतदानाची शाई नियमानंच डाव्या तर्जनीला लावतात. त्या रांगेत मी सगळ्यांसारखी.

सरकारला टक्के लागतात. माझ्या अपंगत्वाच्या दाखल्यावर पासष्ट लिहिलेत. कारखान्यात गेलेल्या हातांचा हिशेब जुना आहे: १९२३ च्या कामगार भरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं, त्यात पंजा गेला तर कमाईची ताकद ६० टक्के गेली असं धरायचे आणि एकटा अंगठा गेला तर ३०. म्हणजे अर्धा पंजा एका अंगठ्यात. हे कुणी ठरवलं असेल त्याला काम माहीत होतं, कारण बोटं कितीही असोत, अंगठा समोरून आल्याशिवाय पकड होत नाही. द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे तीस टक्के मागितले आणि सगळी विद्या घेतली. पाचव्या इयत्तेच्या वर्गावर बदली झाली तेव्हा मी ही गोष्ट अशीच शिकवली. पोरं आपापला अंगठा तळव्यात मुडपून पेन उचलून बघायला लागली आणि तास तिथंच संपला.

आता मुठीकडे येते. हात गेला तरी हात जाणवत राहतो हे ऐकून माहीत होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी या न दिसणाऱ्या अवयवाला ‘फँटम’ हे नाव १८७१ मध्ये दिलं. माझा असा हात संध्याकाळी येतो. येतो तो मूठ आवळून. पुष्कळांच्या बाबतीत हात ज्या अवस्थेत गेला त्याच अवस्थेत मेंदू त्याला धरून ठेवतो, असं डॉक्टर म्हणाले. नखं तळव्यात रुततात, आणि तळवा तर नाहीच, मग चोळायचं काय? एकदा पदरानं तोंड पुसताना उजव्या गालावर हात फिरला आणि कुणीतरी माझ्या अंगठ्याला हात लावल्यासारखं झालं. मी घाबरले. मेंदूतल्या नकाशात चेहऱ्याची जागा हाताच्या जागेला लागून असते, हाताकडून निरोप यायचे बंद झाले की शेजारचा चेहरा त्या जागेत पाय पसरतो, असं एक मत आहे. त्यामुळे गालाला लावलेलं बोट हाताला कळतं. मूळचे तमिळनाडूचे आणि अमेरिकेत काम करणारे व्ही. एस. रामचंद्रन यांनी हे कापसाच्या बोळ्यानं रुग्णांच्या गालाला स्पर्श करून दाखवलं होतं. आरशाचा उपायही त्यांचाच, १९९० च्या दशकातला. आरसा दोन हातांच्या मधे उभा धरायचा, चांगला हात त्याच्यासमोर ठेवायचा, आणि प्रतिबिंब जिथं दिसतं तिथं आपला गेलेला हात आहे असं समजून दोन्ही मुठी एकदम उघडायच्या.

आरसा धरायला ह्यांना बसवलं. डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या आरशात उजव्या हातात दिसल्या. मी मूठ उघडली, तीही उघडली. सगळ्यांना याचा गुण येत नाही. मला थोडा आला. अजूनही काही संध्याकाळी मूठ आवळलेलीच येते. परात धरायला हात नाही, वही धरायला हात नाही, आणि जो हात नाहीच तो मात्र कडब्याची ती मूठ अजून सोडायला तयार नाही!

कृत्रिम हाताबद्दल लोकांच्या कल्पना फार मोठ्या आहेत. सवित्याचे हात यज्ञात तुटले आणि देवांनी त्याला सोन्याचे बसवले, म्हणून तो हिरण्यपाणी, अशी ब्राह्मणग्रंथातली कथा आहे. सोन्याच्या हातानं त्याला बटण लावता येत होतं का, हे ग्रंथकर्त्यानं सांगितलेलं नाही. पायाच्या बाबतीत आपला देश खरोखर पुढे गेला. जयपूरला रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रबराचं पाऊल घडवलं. ते घालून अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलात उतरता येतं. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते पाऊल आपल्या बसण्याउठण्याकडे बघून केलेलं आहे. आपल्या जेवणाकडे बघून केलेला, भात कालवू शकणारा हात माझ्या तरी पाहण्यात नाही. पायाला भार पेलायचा असतो. हाताला आधी कळावं लागतं, वरण गरम आहे की गार, भाताचं शीत शिजलंय की नाही.

पुण्यातलं सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी निघालेलं. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तालुक्याच्या गावांना आता शिबिरं भरतात. तिथं गेलं की साधारण दोन तऱ्हा समोर येतात. एक दिसायचा हात: कातडीच्या रंगाचा, नखांच्या कडांसकट, हुबेहूब. दुसरा कामाचा, म्हणजे आकडा. आकड्याचे दोन चिमटे रबरी कड्यांनी मिटलेले असतात. त्याची तार पाठीवरून पलीकडच्या खांद्याला जाते, खांदा पुढे काढला की चिमटा उघडतो, सोडला की मिटतो. ही दुभंग आकड्याची युक्ती डॉरन्स नावाच्या अमेरिकनानं काढली आणि १९१२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याचा स्वतःचा हात लाकडाच्या गिरणीत गेला होता, आणि हे आकडा वापरताना पदोपदी समजतं. त्याला बोटांची नक्कल करायची नव्हती, लाकूड धरायचं होतं. उरलेल्या हातातल्या स्नायूंच्या इशाऱ्यावर मोटार चालून बोटं मिटणारे विजेचे हातही आहेत, पण त्यांची किंमत ऐकून आम्ही चहा पिऊन परत आलो.

मी आकडा घेतला. त्याला स्पर्श कळत नाही, त्यामुळे तो काय करतोय हे डोळ्यांनी बघत राहावं लागतं. वीज जाऊन अंधार झाला की त्याचा उपयोग संपला. एप्रिल-मेमध्ये आतून घामानं चिकचिक होते, मग खुंटीला टांगून ठेवते. पण वही धरतो, सुई धरतो, आणि नेलकटर त्याच्यात अडकवून टेबलावर टेकवलं की डाव्या हाताची नखं कापली जातात. नात त्याला ‘आजीचा पोपट’ म्हणते.

गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या वाडीतली एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. पंचविशीचा, एमआयडीसीत प्रेसवर होता, उजवा पंजा गेलेला. बाई येताना वाटभर ‘मावशींना विचार, मावशींना विचार’ करत आली असावी, कारण तो आल्या आल्याच वैतागलेला होता. मी विळी काढून दाखवली. ‘मावशी, मी विळीवर बसलो तर गावात राहायची सोय नाही,’ म्हणाला. मोटारसायकलचा ॲक्सिलरेटर उजव्या मुठीला असतो, तो डावीकडे घेता येईल का, एवढंच त्याला हवं होतं. ते मला काय माहीत! त्यानं स्वतःच एका गॅरेजवाल्याला गाठलं होतं, आणि आरटीओत तशी नोंद करून घ्यावी लागते हेही विचारून आला होता. मी आपली आकड्याची बाजू मांडत राहिले, रबरी कडी कुठं मिळतात, तार तुटली तर काय करायचं.

शिबिरातून त्यानं दिसायचा हात आणला. आईचा आग्रह होता, लग्नाचं बघताहेत. मला वाईट वाटलं, तसं मी बोलूनही दाखवलं, की यानं काहीही धरता येत नाही. ‘धरायचं काय आहे मावशी,’ तो म्हणाला, ‘पोरीच्या घरी गेल्यावर कपबशी देतात. कप या हातानं उचलतो, बशी असू दे टेबलावर.’ आणि टेबल नसलं तर? त्यावर त्याची आई म्हणाली, ‘टेबल नसलेल्या घरी आम्ही जातच नाही.’